आजोबांचा 'जपानी सुरा' नेमका कुठला?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. आजोबा मराठा पलटणीत होते, दुसऱ्या महायुद्धात मणिपूर-ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेले आणि परतले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत एक सुरा होता. घरात सगळे त्याला 'जपानी सुरा' म्हणतात. पातं साधारण 14 इंच, मुठीपाशी अरुंद आणि पुढे रुंद होत गेलेलं. टोक निमुळतं नाही, तिरकं छाटल्यासारखं आहे. मूठ लाकडी, तिच्यावर वेत गुंडाळलेला. म्यान एका बाजूने उघडं, त्याला पांढऱ्या धातूच्या तीन पट्ट्या आणि वेताच्या कड्याचा एक तुटका तुकडा. कुणी ही कुकरी आहे म्हणालं, कुणी कूर्गचं हत्यार, कुणी छातीठोकपणे 'नागा' सांगितलं. तुम्हाला एवढंच हवंय की हा कुठला आणि किती जुना.

माझा अंदाज आधीच सांगून टाकतो. तुम्ही वर्णन केलंय तसं म्यान खरोखर असेल, तर हा सुरा काचिन-सिंगफो पट्ट्यातला आहे. म्हणजे ब्रह्मदेशाचा उत्तर भाग, आपल्याकडचा अरुणाचलचा चांगलांग जिल्हा आणि आसामच्या तिनसुकियाचा टोकाचा भाग. ब्रह्मदेशात ज्यांना काचिन किंवा जिंगपो म्हणतात तेच लोक आपल्या बाजूला सिंगफो. युद्धाच्या काळातला किंवा त्याच्या थोडा आधीचा असावा. नागा नसावा, असं मला वाटतं. पण हे सगळं अजून न पाहिलेल्या दोन-तीन गोष्टींवर अवलंबून आहे, त्या पुढे सांगतो.

जुन्या हत्यारांची निगा राखणं आणि संग्रहांच्या याद्या करणं हे माझं काम. त्यात 'हे कुठलं?' हा प्रश्न रोज येतो आणि विचारणाऱ्याच्या मनात त्याचं एकच उत्तर असतं. प्रत्यक्षात त्यात तीन वेगळे प्रश्न गुंतलेले असतात: लोखंड कोणी घडवलं, कमरेला कोणी बांधलं, आणि तुमच्या घरी आणणाऱ्याला ते कुठे मिळालं. डोंगराळ भागात ही तीन उत्तरं क्वचितच एका गावची निघतात. पात्याचा व्यापार होतो. माणूस पातं विकत घेतो, त्याला मूठ आणि म्यान मात्र आपल्या पद्धतीचं चढवतो. म्हणून मी पात्याकडे सगळ्यात शेवटी बघतो. लोक मात्र नेमका पात्याचाच फोटो पाठवतात, तोही लाल मखमलीवर ठेवून.

जी नावं सहज बाद होतात ती आधी बाजूला करू. जपानी नाही. जपानी तलवारीच्या पात्यावर मुठीलगत धातूची पट्टी चपखल बसवलेली असते, मूठ बांबूच्या खुंटीने पक्की केलेली असते आणि चांगल्या मुठीला माशाचं खरबरीत कातडं असतं. तुमच्या वर्णनात यातलं काहीच नाही. घरात 'जपानी' का म्हणतात ते उघड आहे: जपान्यांशी झालेल्या लढाईतून आलेली वस्तू जपानी ठरते. कुकरीही नाही. कुकरीचं पातं मध्यावर आत वाकलेलं असतं आणि मुठीजवळ धारेला खाच असते. कोडगूची, म्हणजे कूर्गची, ओडिकत्ती रुंद आणि वाकदार असते, तिचं पोट पुढे आलेलं असतं. कोडव पुरुष ती पाठीमागे पितळी अडकणीत खोचतात. आपल्या कोकणातही कोयती कमरेला मागे अडकवतात, त्यामुळे मराठी माणसाला ती पद्धत ओळखीची वाटते. पण तुमच्या सुऱ्याला पाठीमागे अडकवायचं साधन नाही, वेताचा कडा आहे. माझा सगळा तर्क त्या कड्यापासून सुरू होतो.

नागा दाओ, म्हणजे नागांचा जड सुरा, आणि तुमचा सुरा यांची गल्लत होणं स्वाभाविक आहे, कारण पाती खरोखर सारखी दिसतात. नागा दाओही मुठीकडे अरुंद, टोकाकडे रुंद आणि जड असतो, टोक छाटलेलं असतं. जड टोकाचा फायदा प्रत्यक्ष हातात घेतल्यावर कळतो, मनगटाला फार जोर द्यावा लागत नाही. त्याच हत्याराने झूम शेतीसाठी, म्हणजे डोंगरावरच्या फिरत्या शेतीसाठी, जंगल तोडायचं, बांबू फोडायचा, घराचे वासे तासायचे, वेळ पडली तर जमीन उकरायची, आणि जुन्या काळी शत्रूचं डोकंही उतरवायचं. बाहेरच्या लोकांना फक्त हे शेवटचं काम लक्षात राहतं. हत्याराच्या अंगावर मात्र पहिल्या कामांच्याच खुणा असतात: धारेला बांबूच्या पेरांनी पाडलेल्या बारीक खळग्या, पाठीवर ठोकल्याच्या चपट्या जागा.

फरक आहे तो अंगावर बाळगण्याच्या पद्धतीत. नागांकडे बहुतेक ठिकाणी दाओ कमरेच्या मागे, पाठीच्या खोलगट भागात असतो. त्यासाठी लाकडाचा एक आखूड, जाड ठोकळा असतो, त्याला मधोमध फट. हा ठोकळा विणलेल्या किंवा वेताच्या पट्ट्याने कमरेला बांधतात आणि पातं त्या फटीत सारतात. पात्याचा बराचसा भाग उघडाच राहतो. काही गटांत हा ठोकळा कोरलेला असतो, काहींत पट्ट्याला कवड्या किंवा बिया ओवलेल्या असतात. समारंभाच्या दाओच्या मुठीला लाल रंगवलेले बोकडाचे केस लावतात. मुठीसाठी बांबूच्या मुळाकडचा भाग चांगला मानतात.

काचिन, सिंगफो आणि त्यांच्या शेजारच्या खामती लोकांकडे म्यान पूर्ण लांबीचं असतं, पण अर्धं. एकच फळी, तिच्यात पात्याच्या आकाराची उथळ खाच, वरून आडव्या पट्ट्या. पातं समोरून दिसत राहतं. या फळीला वेताचा मोठा गोल कडा जोडतात आणि तो कडा खांद्यावरून तिरका घालतात, म्हणजे हत्यार छातीच्या बाजूला किंवा कुशीत लटकतं आणि मूठ हाताशी येते. तुमच्याकडे पूर्ण लांबीची फळी आहे, आडव्या पट्ट्या आहेत आणि कड्याचा तुकडा आहे. हे तिन्ही एकत्र आल्यावर नागा म्हणणं मला जड जातं. त्या तुकड्याला अजूनही गोलाई आहे का, एवढं बघा. हाताच्या पंज्याएवढ्या तुकड्यातही वाक दिसतो, आणि त्यावरून पूर्ण कडा केवढा असेल याचा अंदाज येतो. खांद्यावरून जाईल एवढा मोठा निघाला तर माझा अंदाज पक्का. अगदी लहान निघाला, तर तो फक्त पट्टा ओवायचा असेल, आणि मग मला पुन्हा विचार करावा लागेल.

एका बाजूने उघडं म्यान मात्र एकट्याने काहीच सिद्ध करत नाही. सिक्कीमच्या लेपचांचा 'बान' अशाच अर्ध्या म्यानात असतो. फार दूर, तैवानच्या डोंगरातल्या आदिवासींकडेही एका फळीचं म्यान आणि त्यावर तारेच्या किंवा धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, आणि फोटोत ते म्यान काचिनच्या जवळ जाणारं दिसतं. तिथली ओळख वेगळ्या ठिकाणी सापडते. म्यानाचं शेवटचं टोक माशाच्या शेपटीसारखं पसरलेलं असतं. काही गटांत मूठ लाकडाची नसून पात्याचंच लोखंड वळवून नळीसारखी केलेली असते. पायवान लोकांच्या म्यानावर माणसांच्या आणि सापांच्या आकृत्या कोरून लाल रंग भरलेला असतो. बोर्निओच्या दायाकांचा 'मांडाउ' तर ओळखायला सगळ्यात सोपा: पातं एका अंगाने फुगीर, दुसऱ्या अंगाने किंचित खोलगट, मूठ बहुधा सांबरशिंगाची आणि कोरीव, आणि म्यानाच्या पाठीला एक छोटी बारीक सुरी जोडलेली. आपल्या मेघालयातल्या गारो लोकांचा 'मिलाम' पातं आणि मूठ मिळून एकाच लोखंडाचा असतो. या सगळ्यांची नावं एवढ्यासाठी घेतली की इंटरनेटवर 'ट्रायबल नाइफ एशिया' असं शोधलंत तर हे सगळे एकाच ढिगात समोर येतात आणि रंगरूपावरून माणूस हमखास चुकीच्या बेटावर जाऊन पोचतो.

धार एकाच बाजूने लावलेली आहे का, असंही तुम्ही विचारलंय. सुताराच्या पटाशीला असते तशी एक बाजू सपाट आणि दुसरी उतरती धार नागा दाओला सर्रास दिसते, पण तैवानच्या आणि फिलिपिन्सच्या हत्यारांनाही ती असते. तेव्हा ती असली तर नोंद करा, निकाल देऊ नका. तिच्यावरून एक गमतीची गोष्ट मात्र कळते. उतार कोणत्या अंगाला आहे यावरून हत्यार उजव्या हाताच्या माणसासाठी केलं होतं की डावखुऱ्यासाठी, हे बहुधा सांगता येतं.

आता घडवणाऱ्याचं. काचिन माणसाच्या खांद्यावरचं पातं काचिन लोहाराचंच असेल असं नाही. उत्तर ब्रह्मदेशात पुताओच्या खोऱ्यातले खामती शान लोहारकामासाठी नावाजलेले होते आणि त्यांची पाती काचिन डोंगरात जात. सीमेपलीकडे चीनच्या युनान प्रांतातही तेच चित्र: तिथल्या जिंगपो लोकांच्या कमरेचे सुरे हूसा भागातले आचांग लोहार घडवतात, आणि ही परंपरा आजही चालू आहे. नागा डोंगरातही रेंगमा आणि कोन्याक लोहारांचं नाव शेजारच्या जमातींत होतं. त्यामुळे संग्रहाच्या यादीत मी 'काचिन सुरा' असं कधीच लिहीत नाही. 'काचिन पद्धतीचं म्यान व मूठ, पातं बहुधा खामती' असं लिहितो. लांबलचक वाटतं, पण जेवढं माहीत आहे तेवढंच त्यात येतं. तुमच्या पात्यावर मुठीपासून निघून टोकाकडे जाणाऱ्या बारीक समांतर खाचा असतील, तर त्यांचा फोटो जरूर काढा. चांगल्या हाताच्या लोहाराची ती खूण असते.

वयाबद्दल. तुमच्या पांढऱ्या पट्ट्यांमुळे मला बरं वाटलं. त्या चांदीच्या असत्या तर पिवळट-काळ्या पडल्या असत्या. तुम्ही म्हणता त्या हलक्या आहेत, राखाडी आहेत आणि चुंबकाला चिकटत नाहीत. म्हणजे अ‍ॅल्युमिनियम. त्या डोंगरात अ‍ॅल्युमिनियम मुबलक झालं ते युद्धाने. 1942 ते 1945 या काळात आसामच्या छाबुआ, दिंजानसारख्या धावपट्ट्यांवरून हिमालयाच्या पूर्व टोकावरून चीनमधल्या कुनमिंगला विमानं जात. या 'हंप' मार्गावर शेकडो विमानं कोसळली. त्यांचा पत्रा लोकांनी वाया घालवला नाही. म्हणून अ‍ॅल्युमिनियमची पट्टी असलेलं म्यान मी युद्धकाळाच्या आधी नेत नाही. पातं मात्र त्याहून जुनं असू शकतं. म्यान झिजतं, फुटतं, बदललं जातं, पातं बापाकडून मुलाकडे जातं.

पात्याचं वय बघायला पाठीवर नजर टाका. पातं उभं धरा, पाठ डोळ्यासमोर आणा. हातोड्याने घडवलेल्या जुन्या पात्याची जाडी मुठीकडून टोकाकडे सावकाश कमी होत जाते आणि बोट फिरवलं तर किंचित चढउतार लागतो. मोटारीच्या कमानीच्या पाट्यापासून केलेल्या पात्याची जाडी पुष्कळदा शेवटपर्यंत एकसारखी असते. युद्धानंतर मागे राहिलेल्या जीप-ट्रकच्या पाट्यांतून असे असंख्य दाओ झाले, आजही होतात, आणि कामाला ते उत्तम असतात. फक्त ते आजोबांच्या आजोबांच्या काळातले म्हणून कुणी विकत असेल तर सोडून द्या. दुसरी खूण धारेची. खिडकीतल्या तिरक्या उजेडात धारेला समांतर एक पुसट, नागमोडी रेघ दिसली, तर मऊ लोखंडाच्या अंगाला पोलादाची धार जोडलेली आहे. जुन्या, पोलाद महाग असतानाच्या कामाची ती रीत. रेघ दिसत नाही म्हणून अ‍ॅसिड लावून शोधू नका, तो उद्योग घरी करायचा नाही.

मग एक काम भिंग घेऊन करा. म्यानाच्या खाचेत पातं ठेवा आणि बघा, ते स्वतःहून बसतं का. वर्षानुवर्षं एकत्र राहिलेल्या जोडीत लाकडावर धारेची काळसर रेघ उमटते, टोकाशी लोखंडाचा डाग मुरतो, आणि तो डाग बरोबर तुमच्या पात्याच्या तिरक्या टोकाच्या आकाराचा असतो. डाग टोकाच्या अर्धा इंच पुढे किंवा मागे असेल, तर म्यान दुसऱ्या हत्याराचं आहे. असं झालं तर माझा वरचा सगळा तर्क फक्त म्यानाला लागू होतो, पात्याचा शोध नव्याने करावा लागतो. मुठीतही तेच. पात्याचा दांडा लाकडात जिथे शिरतो तिथे काळपट राळ किंवा लाख दिसते का, वेताच्या वेढ्यांखाली जुनी तडकलेली मूठ आहे का, वेत सगळा एका रंगाचा आहे की मधले चार वेढे नवे आहेत, हे बघा. वेत मुळात शोभेचा नसतो, लाकूड फुटू नये म्हणून असतो. हाताच्या घामाने काळा, गुळगुळीत झालेला वेत खोटा करता येत नाही.

राहिला तिसरा प्रश्न, आजोबांना तो मिळाला कुठे. इथे घाई नको. मराठा पलटणीची चौथी बटालियन मार्च 1944 मध्ये सांगशाकच्या लढाईत होती. सांगशाक हे मणिपूरच्या उखरूल भागात, तांगखुल नागांच्या मुलखात आहे. आजोबा त्या बटालियनचे असतील तर 'नागा' म्हणण्याचा मोह होणारच, कारण ते नागा गावांत लढले. पण सैनिक एका जागी राहत नाही. छावणी, इस्पितळ, रेल्वेचं ठाणं, सगळीकडे वस्तूंची देवाणघेवाण चालते. आसामातल्या लेडोहून निघणारा रस्ता पांगसाउ खिंडीतून हुकाँग खोऱ्यात, म्हणजे थेट काचिन मुलखात जात होता, आणि त्या रस्त्यावर हजारो माणसांची ये-जा होती. सुरे, मासळीच्या जाळ्या, विणलेल्या झोळ्या यांचा विनिमय सिगारेट आणि मिठाशी होत असे. सुरा काचिन असला म्हणून आजोबा काचिन डोंगरात गेले असं ठरत नाही, आणि आजोबा नागा डोंगरात होते म्हणून सुरा नागा ठरत नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आणि रेकॉर्ड ऑफिस बेळगावलाच आहे. आजोबांचा सैनिक क्रमांक एखाद्या पदकाच्या कडेवर किंवा पेन्शनच्या कागदावर असेल, तो घेऊन तिथे अर्ज करा. बटालियन कळली तर मार्ग कळेल. ते 1950 नंतरही सेवेत असतील तर तेही लिहा, कारण त्या दशकात लष्कर नागा डोंगरात पुन्हा गेलं होतं आणि मग तारखेचा हिशोब बदलतो.

सुरा स्वच्छ करण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायच्या आधीच लोक करून बसतात म्हणून लिहितो. चिंच, लिंबू, पॉलिश पेपर, पितांबरी, काहीही नको. काळा-तपकिरी थर हा पात्याचं कवच आहे, तो राहू द्या. बोटाला लागणारी नारिंगी भुकटी असेल तेवढीच शिलाई मशीनच्या तेलाच्या थेंबाने आणि सुती फडक्याने हलके पुसून घ्या. वेताला आणि लाकडाला तेल लावू नका. तुटका कडा फेविकॉलने जोडू नका, तो तुकडा एका पाकिटात घालून सुऱ्याबरोबरच ठेवा. म्यानात पातं कायमचं खोचून ठेवू नका, पावसाळ्यात तर नाहीच. लाकूड ओल धरतं आणि गंज आतून चढतो.

किमतीचं मी सांगत नाही, ते माझं काम नाही. एवढं खरं की जुळणारं म्यान आणि कड्याचा तो तुकडा नसता तर या सुऱ्याबद्दल बोलण्यासारखं फारसं उरलं नसतं. विकायचाच असेल तर कायदा बघून घ्या. शस्त्र कायद्याच्या नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची, घरगुती किंवा शेतीच्या कामाची नसलेली धारदार हत्यारं वेगळ्या वर्गात येतात. दाओ शेतीचं अवजार की शस्त्र, यावर वाद घालता येतो, पण तो कुरिअरच्या काउंटरवर घालायची वेळ येऊ नये. स्थानिक पोलीस ठाण्यात आधी विचारा. वस्तू 100 वर्षांहून जुनी ठरली तर 1972 च्या पुरावस्तू कायद्यामुळे ती देशाबाहेर पाठवता येत नाही. मुठीत हस्तिदंत किंवा धनेशाच्या चोचीचा तुकडा असेल तर वन्यजीव कायदाही आड येतो. तुमच्या वर्णनात तसं काही नाही, तरी मुठीचं टोक एकदा पाहून घ्या.

ताडून पाहायला चांगल्या जागा आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात मानववंशशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विन यांचा ईशान्येतला संग्रह आहे, शिलाँगला डॉन बॉस्को संग्रहालय आहे. ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयात हटन आणि मिल्स या नागा हिल्समधल्या प्रशासकांनी जमवलेल्या वस्तू आहेत. त्यांची यादी इंटरनेटवर बघता येते आणि पुष्कळ नोंदींत गावाचं नावही आहे. चित्र बघताना पात्याच्या आकारावर जाऊ नका, अडकवायची व्यवस्था जुळते का ते बघा.

मला पुढचं सांगायचं असेल तर फोटो असे हवेत: पात्याच्या दोन्ही बाजू, पाठ वरून, मुठीचं शेवटचं टोक, मूठ आणि पातं जुळतात ती जागा अगदी जवळून, म्यानाची उघडी बाजू पातं नसताना आणि पातं ठेवून, मागची बाजू, आणि कड्याचा तुकडा एखाद्या मोजपट्टीशेजारी. सकाळचा खिडकीतला उजेड, फ्लॅश बंद, खाली साधी पांढरी चादर. वजनही करून कळवा, भाजीच्या काट्यावर केलं तरी चालेल.